हायवेवर रोज, कच्च्या वाटेवर कधीतरी: ऑल-टेरेन टायर निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून देवरुखजवळच्या आमच्या गावी जायचं म्हणजे कराड, मलकापूर, आंबा घाट, साखरपा असा साधारण पावणेतीनशे किलोमीटरचा प्रवास. त्यातले शेवटचे चार किलोमीटर कच्चे. जांभ्याची एक चढण, एक वहाळ, आणि पावसाळ्यात चाकोरी भरून लाल चिखल. जाऊन-येऊन साडेपाचशे किलोमीटर, त्यात कच्चे आठ. माझ्या जुन्या स्कॉर्पिओचे टायर पहिल्यांदा बदलले तेव्हा मी सगळा विचार त्या आठ किलोमीटरचा केला. दुकानात सगळ्यात रांगडी नक्षी दिसली ती घेतली आणि पुढची तीन वर्षं उरलेल्या पाचशे बेचाळीस किलोमीटरवर त्याची किंमत मोजली. दुसऱ्या वेळी शांतपणे, आकडे मांडून निवड केली. तेव्हापासून नातेवाईक, ऑफिसातले मित्र, ट्रेकला भेटणारे लोक जे विचारत आले ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

एचटी, एटी आणि एमटी यांत नेमका फरक काय?

एचटी म्हणजे हायवे टेरेन. बहुतेक एसयूव्ही शोरूममधून याच टायरवर बाहेर पडतात. नक्षीचे ठोकळे एकमेकांना चिकटून, मध्ये लांब सरळ खाचा, रबर मऊसर, आवाज कमी.

एटी म्हणजे ऑल टेरेन. ठोकळ्यांमधल्या खाचा रुंद आणि खोल असतात, कडेचे ठोकळे साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूवर, थोडे उतरलेले असतात, आणि टायरचा सांगाडा बऱ्याचदा जास्त जाड असतो. एमटी म्हणजे मड टेरेन. त्याचे ठोकळे इतके लांब लांब असतात की मधल्या खाचेत बोट आडवं बसतं. चिखलात तो राजा आहे, पण सपाट ओल्या डांबरावर त्याच्यावर भरवसा ठेवू नये. हल्ली एटी आणि एमटीच्या मधला रग्ड टेरेन नावाचा प्रकारही दुकानांत दिसतो. महिन्यातून एकदा गावाला जाणाऱ्याने त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

मला खरंच एटी लागतात का?

आधी हिशेब करा. वर्षाला गाडी किती धावते आणि त्यात डांबर किंवा काँक्रीट सोडून किती? उत्तर शंभरात दोन-तीन किलोमीटर आलं, आणि ते दोन-तीन म्हणजे मुरूम टाकलेला शेतरस्ता किंवा फार्महाऊसपर्यंतची पायवाटेसारखी वाट असेल, तर चांगल्या नक्षीचा एचटी पुरतो. गावोगावच्या वॅगन-आर आणि अल्टो त्याच वाटेने रोज जातात.

एटी घ्यायचं खरं कारण पकड हे नाहीच, असं माझं मत आहे. खरं कारण म्हणजे मार सहन करण्याची ताकद. तुमच्या वाटेवर जांभ्याच्या कडा, फुटलेली खडी, धरणाच्या कामावर पडतात तसे टोकदार दगड असतील, आणि तिथे रात्रीबेरात्री टायर फाटला तर मदत यायला दोन तास लागणार असतील, तर एटी घ्या. सह्याद्रीत घाटमाथ्यावरच्या गावांना, धनगरवाड्यांकडे जाणाऱ्या वाटांवर नेहमी जाणाऱ्यांनी जरूर घ्या. फक्त गाडी रुबाबदार दिसते म्हणून घ्यायचे असतील तरी घ्या, गाडी तुमची आहे. मात्र खाली पावसाबद्दल लिहिलंय ते आधी वाचा.

दुकानदार ‘६०:४०’, ‘७०:३०’ असं सांगतो. याचा अर्थ काय?

६० टक्के रस्ता, ४० टक्के ऑफ-रोड असा दावा असतो. पण हे मोजण्याची कोणतीही सर्वमान्य चाचणी नाही, कंपनी स्वतःच तो आकडा ठरवते. एका कंपनीचा ७०:३० दुसऱ्या कंपनीच्या ५०:५० इतका रांगडा असू शकतो. आकडा सोडा आणि टायर हातात घेऊन बघा. मधला पट्टा सलग आहे का, ठोकळ्यांवर बारीक चिरा किती आहेत, कडेचा रबर किती जाड आहे, हे डोळ्यांना कळतं.

पावसात आणि घाटात एटी कसे चालतात?

हा प्रश्न लोक सातव्या-आठव्या क्रमांकावर विचारतात. माझ्या लेखी तो पहिला आहे. आपल्याकडे वर्षाचे चार महिने रस्ता ओला असतो, आणि आपण जातो ते ताम्हिणी, वरंध, आंबा, आंबोली अशा घाटांतून, धुक्यात, समोरून एसटी येत असताना. चिखलात टायर घसरला तर गाडी अडकते. वळणावर ब्रेक मारताना घसरला तर काय होतं ते सांगायला नको.

खोल खाचांमुळे साचलेलं पाणी बाहेर फेकायला एटीला मदत होते, हे खरं. पण ओल्या डांबरावर गाडी थांबते ती रबर आणि रस्ता यांच्या घट्ट संपर्कामुळे. एटीमध्ये खाचा जास्त म्हणजे रस्त्याला टेकणारा रबर कमी. वर तो रबर दगडाने चिरू नये म्हणून बहुधा थोडा कडक बनवलेला असतो. उंच ठोकळे ब्रेक मारताना किंचित वाकतातही. या तिन्ही गोष्टी मिळून बहुतेक एटी टायर ओल्या, गुळगुळीत डांबरावर चांगल्या एचटीपेक्षा लांब जाऊन थांबतात. ताशी ८० किलोमीटरला गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. तिथे चार-पाच मीटरचा फरक म्हणजे समोरच्या गाडीच्या डिकीत आपलं बॉनेट.

यावर उपाय ठोकळ्यांवरच्या बारीक चिरांमध्ये आहे. ब्लेडने कापल्यासारख्या या चिरा ओल्या रस्त्यावरचा पाण्याचा पातळ थर फोडतात. नखाने चिरेत दाबून बघा. चिर खोल असेल तर टायर अर्धा झिजल्यावरही ती उरते. वरवरची असेल तर वीस हजार किलोमीटरनंतर ठोकळा सपाट होतो आणि पुढचा पावसाळा जड जातो. मधल्या भागात दाट ठोकळे, भरपूर खोल चिरा, कडेला मात्र जरा दणकट नक्षी, अशी रचना हायवेवाल्या माणसासाठी सगळ्यात योग्य.

अजून दोन गोष्टी. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल, धूळ आणि पाणी यांचा जो लेप होतो, त्यावर कुठलाच टायर धड चालत नाही. आणि घाटात झाडीच्या सावलीतल्या कडेला ऑगस्टपर्यंत शेवाळ धरतं. टायर कितीही महाग असला तरी तिथे वेग कमीच हवा.

टायर कायद्याने कधी बदलावा लागतो?

कारसाठी खाचेची किमान खोली १.६ मिलिमीटर. खाचेत आडवा छोटा उंचवटा असतो, नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. मी मात्र ३ मिलिमीटर उरले की पावसाळ्याआधी बदलतो. जूनमध्ये अर्धे गोटा झालेले टायर घेऊन कोकणात उतरू नये.

केबिनमध्ये आवाज किती येतो?

नवे असताना ताशी ६० पर्यंत फारसा कळत नाही. ८० च्या पुढे एक सलग घूं ऐकू येते, काँक्रीटवर जास्त, नव्या डांबरावर कमी. खरा त्रास १५-२० हजार किलोमीटरनंतर सुरू होतो. ठोकळे एका बाजूने जास्त झिजतात, हात फिरवला तर करवतीसारखे लागतात, आणि मग बेअरिंग गेल्यासारखा आवाज येतो. ठरलेल्या वेळी टायरची अदलाबदल केली, म्हणजे चाकांच्या जागा आपसांत बदलल्या, तर हे बरंच टळतं.

अ‍ॅव्हरेज किती पडतं?

पडतं, हे मान्य करूनच चला. एटी टायर त्याच मापाच्या एचटीपेक्षा बहुधा जड असतो आणि रस्त्यावर फिरायला त्याला जास्त जोर लागतो. माझ्या गाडीचं हायवेवरचं अ‍ॅव्हरेज १३.५ वरून १२.७ वर आलं. मापही वाढवलं असतं तर आणखी घसरलं असतं. पिकअपही किंचित मंदावतो, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ते जाणवतं.

एक साइज मोठा टायर टाकू का?

याचं उत्तर आकड्यांत देतो, कारण दुकानात ‘बसतं की साहेब’ एवढंच ऐकायला मिळतं.

माप वाचायची रीत सोपी आहे. २३५/६५ आर १७ म्हणजे टायरची रुंदी २३५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १७ इंच. एक बाजू १५२.७५ मिलिमीटर, दोन्ही मिळून ३०५.५, त्यात रिमचे ४३१.८ मिळवले की पूर्ण व्यास साधारण ७३७ मिलिमीटर. त्याऐवजी २४५/६५ आर १७ टाकला तर व्यास ७५० होतो, म्हणजे पावणेदोन टक्के वाढ. हे चालून जातं. २५५/६५ आर १७ टाकला तर ७६३, म्हणजे साडेतीन टक्के. तीन टक्क्यांच्या आत राहावं असा साधा नियम मी पाळतो.

जिम्नीवाले बरेचदा २३५/७५ आर १५ चा विचार करतात. मूळ माप १९५/८० आर १५, व्यास ६९३. नवा व्यास ७३३. जवळपास सहा टक्के. म्हणजे स्पीडोमीटरचा काटा मूळ टायरवर जिथे खरा वेग १०० दाखवायचा तिथेच असताना गाडी आता १०६ ने पळतेय. गिअरिंग उंच झाल्यामुळे चढावर दम कमी, ब्रेकवर ताण जास्त, आणि पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगला टायर आतल्या प्लास्टिकला घासण्याची शक्यता. २१५/७५ आर १५ घेतला तर वाढ दीड टक्काच होते. उंचीचा फायदाही नीट समजून घ्या. व्यास ४० मिलिमीटरने वाढला तरी गाडी उचलली जाते फक्त २० मिलिमीटर.

हायवेवर जास्त चालणाऱ्या गाडीला माझा सल्ला एकच, कंपनीचं मूळ माप ठेवा. रुंद टायर दिसायला भारी, पण साचलेल्या पाण्यावर तो अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो.

मग रिम लहान केली तर?

हा विचार फार कमी लोक करतात, आणि कच्च्या वाटेसाठी तो खूप उपयोगी आहे. २३५/७० आर १६ चा व्यास ७३५ येतो, म्हणजे वरच्या २३५/६५ आर १७ इतकाच. स्पीडोमीटर बिघडत नाही, घासत नाही, पण साइडवॉल १६४.५ मिलिमीटरची होते, जवळपास बारा मिलिमीटर जास्त. तेवढी जादा उशी दगडावर रिम वाकण्यापासून वाचवते, आणि खड्ड्यात पाठीला बसणारा धक्काही मऊ होतो. तुमच्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला कंपनी लहान रिम देत असेल तर हा रस्ता सरळ आहे. २०२० च्या थारमध्येही १६ इंची आणि १८ इंची असे दोन्ही पर्याय होते. फक्त ब्रेकचा कॅलिपर लहान रिममध्ये बसतो याची खात्री आधी करून घ्या.

साइडवॉलवरचे बाकीचे आकडे कसे वाचायचे?

मापानंतर ‘१०८ एच’ असं काहीतरी असतं. १०८ हा भार निर्देशांक, म्हणजे एक टायर १००० किलो पेलतो. १०४ म्हणजे ९०० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. मूळ टायरपेक्षा कमी निर्देशांक कधीही घेऊ नका, विशेषतः सात माणसं आणि वर कॅरिअरवर आंब्याच्या पेट्या घेऊन घाट चढणार असाल तर.

पुढचं अक्षर वेगाचं. क्यू १६०, आर १७०, एस १८०, टी १९०, एच २१० किलोमीटर ताशी. रांगड्या टायरांना बहुधा खालची अक्षरं असतात. तुम्ही १६० ने गाडी चालवणार नाही हे मला माहीत आहे, पण हे अक्षर उष्णता सोसण्याच्या क्षमतेचंही माप आहे.

शेवटी चार आकड्यांची तारीख. ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालातला २३ वा आठवडा. ही तारीख टायरच्या एकाच बाजूला असते, कधी आतल्या बाजूला जाते, म्हणून रिमवर चढवायच्या आधी बघा. मी सहा महिन्यांपेक्षा जुना टायर घेत नाही. चारही टायरांची तारीख स्वतः बघा, दोन नवे आणि दोन जुने असं मिसळलेलं मला एकदा मिळालं होतं.

आयएसआयचा शिक्काही बघा. जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर सरकारने निर्बंध आणले, त्यानंतर काही परदेशी मापं बाजारात अधूनमधूनच दिसू लागली. आवडीचा परदेशी टायर घेणार असाल तर पुढे एखादा फाटला तर तसाच जोडीदार मिळेल का, हे विचारून घ्या.

मापाच्या आधी ‘एलटी’ लिहिलेला टायर जास्त मजबूत असतो ना?

असतो. तो हलक्या ट्रकसाठी, जास्त थरांचा बनवलेला असतो. पण तेवढाच भार पेलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते, तो जड असतो आणि रिकाम्या गाडीत दणके देतो. तुमच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा हवेचा आकडा साध्या टायरसाठी आहे, एलटी टायरला तो तसाच लावू नका. पिकअपमध्ये माल भरून खाणीकडे जाणाऱ्याने एलटी घ्यावा. कुटुंबाच्या गाडीला नको.

कोणता ब्रँड घेऊ?

भारतीय कंपन्यांत अपोलोचा अ‍ॅप्टेरा एटी-२, सिएटचा क्रॉसड्राइव्ह एटी, जेकेचा रेंजर एटी, एमआरएफचा वाँडरर ही नावं सगळीकडे ऐकू येतात. योकोहामाचा जिओलँडर जी-०१५ हा हायवेकडे झुकलेला एटी आहे. ठोकळे दाट, चिरा भरपूर, म्हणून आपल्या वापराच्या माणसाला मी तो आधी बघायला सांगतो. बीएफ गुडरिचचा केओ-२ हा दणकटपणासाठी जगभर ओळखला जातो, साइडवॉल जबरदस्त. पण वजन जास्त, आणि वर्षातले ९५ टक्के दिवस डांबरावर असणाऱ्याला त्या ताकदीचा उपयोग फार कमी वेळा होतो.

ब्रँडइतकंच महत्त्वाचं म्हणजे तुमच्या मापात तो टायर तुमच्या तालुक्याच्या ठिकाणी मिळतो का. कुडाळला किंवा उदगीरला अडकल्यावर ‘चार दिवसांत मागवून देतो’ याचा उपयोग नाही.

किंमत बघताना टायरची किंमत नको, किलोमीटरची बघा. समजा एक टायर ९ हजारांचा आणि ३५ हजार किलोमीटर चालला, तर किलोमीटरला जवळपास २६ पैसे. दुसरा १२ हजारांचा पण ५५ हजार चालला, तर २२ पैसे. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्याआधीचे भाव कुणी सांगत असेल तर घासाघीस करा.

हवा किती ठेवायची?

टायरच्या निवडीपेक्षाही मोठा विषय हा आहे, आणि तो मला गावच्या वहाळाने शिकवला.

श्रावणातली गोष्ट. वहाळातून वर येणारी चढण, खाली ओला जांभा, वर चिखलाचा हातभर थर. नवे रांगडे टायर, आणि गाडी जागेवरच. मागची चाकं गरगर फिरून दोन खड्डे करून बसली. मागून गावातला जीपवाला आला. त्याच्या जीपचे टायर माझ्यापेक्षा निम्म्या किमतीचे, नक्षी अर्धी झिजलेली. तो उतरला, माझ्या चाकावर टाच मारून बघितली आणि म्हणाला, “दादा, वायच हवा काढा. चाक पसरू दे.” वॉल्व्हमध्ये काडी घालून त्यानेच हवा सोडली. चाक खाली पसरलेलं दिसायला लागलं, दगडाच्या उंचवट्याला रबर मिठी मारल्यासारखा बसला. दुसऱ्या गिअरमध्ये, हळू क्लच सोडत, गाडी वर आली.

हवा कमी केली की टायरचा ठसा लांब होतो, वजन जास्त जागेवर पसरतं आणि दगडाच्या टोकावर रबर फुटण्याऐवजी दबतो. आकडे असे धरा. हायवेवर स्टिकरवर दिलंय तितकी, समजा ३२-३४ पीएसआय. खडबडीत दगडी वाटेवर २४-२६. मऊ चिखल किंवा रेतीत १८-२०. १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून उतरू शकतो. हवा कमी असताना ताशी ३०-४० च्या वर जायचं नाही, आणि डांबर लागलं की आधी हवा भरायची, मग चहा. कमी हवेत हायवेवर पळवलेला टायर आतून तापतो आणि काही वेळाने फुटतो.

म्हणून गाडीत दोन वस्तू हव्यातच. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर आणि स्वतःचं प्रेशर गेज. पंपावरच्या मीटरचा आकडा दोन-तीनने इकडेतिकडे असणं नेहमीचं आहे.

समृद्धीवर उन्हाळ्यात एटी टायर धोकादायक आहेत का?

टायरचा प्रकार धोकादायक नसतो, त्याची अवस्था असते. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, सरळ, काँक्रीटचा रस्ता, कारला मर्यादा १२० ची. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या आसपास. अशा रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने जाताना टायरला गार व्हायला उसंतच मिळत नाही. एटीचा रबर जाड असल्याने तो उष्णता जास्त धरून ठेवतो.

हवा थंड टायरमध्ये, म्हणजे सकाळी निघण्याआधी, स्टिकरप्रमाणे भरा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की प्रेशर साधारण एक पीएसआयने चढतं. दुपारी मोजलेला आकडा जास्त दिसला म्हणून हवा काढू नका, ही फार सर्रास होणारी चूक आहे. हवा कमी असलेला टायर जास्त लवतो, त्यामुळे जास्त तापतो. मी एटीवर १०० च्या वर जात नाही, दर दोन तासांनी थांबतो आणि चारही टायरांना हात लावून बघतो. एकच टायर बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर त्यात हवा कमी आहे किंवा ब्रेक धरतोय. साइडवॉलला फुगा दिसला तर तिथूनच स्टेपनीवर या. पाच-सहा वर्षं जुने टायर, नक्षी कितीही शाबूत असो, या रस्त्यावर नेऊ नका.

मराठवाड्यातल्या काळ्या मातीत एटी चालतात का?

ओल्या काळ्या मातीत जवळपास काहीच चालत नाही. ती माती चाकाला लोण्यासारखी चिकटते, दोन फेऱ्यांत खाचा भरून जातात आणि एटीचा गोटा होतो. एमटी थोडा वेळ तग धरतो, पुढे त्याचंही तेच. शेताच्या बांधापर्यंत पावसाळ्यात जायचं असेल तर गाडी डांबरावर उभी करून चालत जाणं हेच शहाणपणाचं, शेतकरी तेच करतात.

कोकणात बीचवर गाडी नेता येईल ना?

नेऊ नका. टायर नेऊ शकतात, हा प्रश्नच नाही. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी आहे आणि कोकणातही अनेक किनाऱ्यांवर पोलीस कारवाई करतात. भरतीचं पाणी येताना रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टरही मिळत नाही, आणि खारं पाणी एकदा चेसीमध्ये गेलं की गंज सुरू. त्याहून मोठं कारण म्हणजे वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. गावकऱ्यांनी आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कित्येक वर्षं रात्री जागून ती घरटी राखली आहेत. चाकाखाली काय आलं ते वाळूत दिसतही नाही. सड्यांचंही, म्हणजे कातळाच्या माळांचंही, तेच. पावसाळ्यानंतर फुललेल्या कातळावर चाकोऱ्या पाडू नयेत, आधीच पडलेल्या वाटेनेच जावं.

दोनच टायर बदलले तर चालेल?

इंजिनाची ताकद दोनच चाकांना जाणाऱ्या गाडीला चालेल, पण नवी जोडी मागे लावा, गाडी पुढून ओढणारी असली तरी. ओल्या वळणावर मागचा भाग सुटला तर गाडी गरकन फिरते, ती सावरणं कठीण. एका एक्सलवर एटी आणि दुसऱ्यावर एचटी असं मात्र करू नका. कायम चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत चारही एकदम बदला. व्यासातल्या लहान फरकानेही आतली यंत्रणा सतत झगडत राहते.

पंक्चर आणि कट यांचं काय करायचं?

मधल्या नक्षीत खिळा घुसला तर तात्पुरती स्ट्रिप मारा आणि शहरात आल्यावर आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ) करून घ्या. साइडवॉलचा कट दुरुस्त होत नाही.

दुसऱ्या वर्षी त्याच वहाळाच्या कडेला जांभ्याच्या धारेने माझ्या पुढच्या टायरची बाजू चिरली. साखरप्याच्या पंक्चरवाल्याने चिरेत अंगठा घातला, रबर फाकवून आतले पांढरे धागे मला दाखवले आणि हात पुसत म्हणाला, “मी याला पॅच मारणार नाही. घाटात फुटला तर माझ्या जिवाला घोर.” तीनशे रुपयांचं काम त्याने नाकारलं. धागे दिसले की टायर संपला, एवढं त्या दिवशी कायमचं समजलं.

लेह-स्पितीला जायचंय. एटी पुरतील?

उन्हाळ्यात खडी आणि नाल्यांच्या रस्त्यांना उत्तम. बर्फाचा संभव असेल तर साइडवॉलवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह शोधा, जी-०१५ आणि केओ-२ च्या बऱ्याच मापांवर ते असतं. गोठलेल्या काचेसारख्या रस्त्यावर मात्र साखळ्याच लागतात.

आरटीओ किंवा विमा कंपनी हरकत घेईल का?

मूळ मापाचा एटी घातला तर अडचण यायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं. मडगार्डच्या बाहेर आलेले रुंद टायर, उचललेलं सस्पेन्शन यांवर दंड होऊ शकतो आणि अपघातानंतर दाव्याच्या वेळी सर्व्हेअर तेच आधी बघतो.

स्टेपनीसुद्धा एटीच घ्यावी का?

हो, पाचही घ्या, त्याच मापाचे. हे पैसे वाया जातात असं वाटतं, पण पाचव्या टायरला अदलाबदलीत घेतलं की ते वसूल होतात. दर ८ ते १० हजार किलोमीटरला स्टेपनी खाली येते आणि एक टायर विश्रांतीला जातो, पाचही सारखे झिजतात. चारच घेतले आणि दोन वर्षांनी एक फाटला, तर झिजलेल्या तीन टायरांमध्ये एक कोरा टायर उंच दिसतो, गाडी एका बाजूला ओढते. काही एसयूव्हींना कंपनी बारीक, तात्पुरती स्टेपनी देते. ती ताशी ८० च्या खाली आणि टायरवाल्यापर्यंतच पोहोचण्यापुरती. तुमच्या गाडीत तशी असेल तर पूर्ण मापाचं चाक मागे मावतं का, ते दुकानात पैसे देण्याआधी डिकी उघडून बघा. जॅक आणि पाना बाहेर काढून एकदा घराच्या अंगणात स्वतः चाक बदलून पाहा. एटीचं चाक जड असतं, आणि गाडीखालची स्टेपनी सोडवणारी साखळी बऱ्याचदा गंजून बसलेली असते. तिला थोडं तेल घालून ठेवा.